भरल्या गाडीचा उजेड

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. अक्षर तर असं, की किराणा दुकानात यादी दिली तर दुकानदार मलाच वाचून दाखवायला सांगतो. चौथीनंतर माझी शाळा सुटली. ही वही मुलीची आहे. तिची बारावी झाली आणि मागची पानं कोरी राहिली, म्हणून पुढून तिचं रसायनशास्त्र आणि मागून मी. कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घाला.

लिहायचं आहे ते आमच्या पिकअपच्या लाईटचं. त्यात लिहिण्यासारखं काय, असं मलाही आधी वाटलं. पण त्या दीड महिन्यात मी जेवढं निरखून बघितलं, तेवढं आयुष्यात कशाकडे बघितलं नसेल.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत. थंडीत वाटाणा निघतो. पहाटे चारच्या सुमाराला शेतकरी गोणी आमच्या अंगणात आणून टाकतात आणि आमचे हे त्या पिकअपमध्ये भरून नगरच्या मार्केटला नेतात. गोणीमागे भाडं मिळतं. मी मागे उभी राहून गोणी मोजते आणि कुणाच्या कोणत्या ते खडूने लिहिते. गाडी जुनी, आधी दुसऱ्याने वापरलेली. तिचे पुढचे दोन लाईट इतके पिवळे आणि मंद होते, की लागलेत की नाही ते बघायला समोर जावं लागायचं.

एका धुक्याच्या पहाटे ओढ्याच्या पुलावर काळी घोंगडी पांघरून एक म्हातारा चालला होता. यांना तो दिसलाच नाही. दिसला तेव्हा पुढच्या चाकापासून हातभर होता. ब्रेक मारला, म्हातारा वाचला, तो शिव्या देत निघून गेला. दुपारी हे घरी आले तर चहा समोर ठेवलेला तसाच निवला.

"घोंगडी काळी, रस्ता काळा," हे म्हणाले. "माणूस हाय का सावली, काय कळंना."

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारच्या सीटवर बसून जाऊ लागले. काम एकच, काचेतून बघत राहायचं. मी म्हणायची, "अहो, डावीकडं माणूस." हे म्हणायचे, "ती बाभूळ हाय." पण दोनदा खरंच माणूस निघाला. मग यांनी गाडी एवढी हळू चालवायला घेतली, की मार्केटला पोचेपर्यंत निम्मे लिलाव झालेले असत. उशिरा गेलेल्या मालाला भाव कमी. एका शेतकऱ्याने कुरकुर केली, दुसऱ्याने सरळ गोणी दुसऱ्या गाडीत टाकल्या. जोरात गेलं तर कुणाचा तरी जीव जाईल आणि हळू गेलं तर धंदा, असं होऊन बसलं.

त्याच रस्त्याने पहाटे आमच्या गावच्या दहा बायका चालत फाट्याला जातात. तिथून सुप्याच्या कारखान्याची बस मिळते. माझी धाकटी नणंद त्यांच्यातच. ती गावातच दिलेली आहे, कारखान्यात पॅकिंगला जाते. तिने म्हाताऱ्याची गोष्ट ऐकली आणि सुट्टीच्या दिवशी घरी आली.

"वहिनी, दादाला म्हणा एलईडी बसव. पैसे माझ्याकडं हायेत, कपाटासाठी ठेवलेले."

"वन्सं, नको. कपाट आधी."

"आवं, साड्या दोरीवर बी राहत्यात. त्या रस्त्यानं रोज मी चालते. दादानं मलाच उडवलं तर कपाट उघडायचं कुणी?"

"वाटाण्याच्या भाड्यातून देऊ आमी."

"द्या की! मी काय दान करते व्हय?"

तिने चार हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. यांच्या हातात दिले नाहीत, माझ्याच दिले.

सुप्याला रस्त्याकडेला एक वायरिंगवाला आहे. मार्केट करून रिकामी गाडी परत येताना गाडीवाले आपली कामं उरकतात. पंक्चर, ऑइल, वायरिंग, सगळं तेव्हाच. आम्हीही तसेच गेलो. मी केबिनमध्ये बसून राहणार होते, पण त्याने बॉनेट उघडलं आणि मला राहवलं नाही. खाली उतरून जरा लांब उभी राहिले.

त्याने एक तारेची चाप सोडवून जुना बल्ब बाहेर काढला. नवीन बल्ब बघितला तर त्याला काचच नव्हती. लोखंडी पट्टीवर तिळाएवढे पिवळे दाणे ओळीने चिकटवलेले आणि मागे चक्क एक छोटा पंखा. मला कळेना, उजेडाला पंखा कशाला? मी यांना हळूच विचारलं. यांनी वायरिंगवाल्याला विचारलं. तो यांना म्हणाला, "उजेड पुढनं थंड असतोय, पर बूड तापतं. म्हणून वारा घालायला पंखा." पाच पावलांवर मी उभी, पण माझा प्रश्न यांच्यामार्फत गेला आणि उत्तर यांच्यामार्फत आलं. परक्या पुरुषाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ आत ओढली जाते, आजही.

एकच गोष्ट मी स्वतः मागितली. "जुने बल्ब मी नेऊ का?"

"न्या की वहिनी," तो म्हणाला. "काय करताय, कानात घालताय?"

दुकानातले सगळे हसले. मी बल्ब पदराच्या टोकाला बांधले.

मग त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, त्यावर खडूने रेघ मारली आणि लाईट लावून मागचे स्क्रू फिरवत उजेड त्या रेघेवर आणला. "हा डिपर, हा अपर. डिपरवर समोरच्याला त्रास न्हाई आन् तुमाला पोटभर उजेड."

संध्याकाळी यांनी गाडी नेहमीच्या जागी, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून लावली. छातीएवढ्याच उंच त्या भिंतीला दिवाळीत चुना दिलेला होता. मी म्हटलं, जरा लावून दाखवा. डिपर लावला तर पांढराशुभ्र उजेड भिंतीवर पसरला आणि वरच्या बाजूला एकदम थांबला, कात्रीने कापल्यासारखा. खाली उजेड, वर अंधार. उजेडाला कुणी थांबवलं असेल? मी पदराची गाठ सोडून जुना बल्ब काढला. आत केसासारख्या तारेच्या दोन स्प्रिंगा होत्या. एकीच्या खाली पत्र्याची इवलीशी वाटी होती, भातुकलीतल्या वाटीपेक्षाही लहान. दुसरीला वाटी नव्हती. यांना लाईट बंद करायला सांगून नवीन बल्ब मी वाकून काचेतून बघितला. त्यातही निम्म्या दाण्यांखाली तशीच वाटी. म्हणजे डिपर हा वाटीचा, आणि वाटी उजेडाला वर जाऊ देत नाही. समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कुणीतरी कुठेतरी बसून एवढीशी वाटी घडवली होती. मला त्याचं फार नवल वाटलं.

अपर लावल्यावर उजेड किती वर उडी मारतो ते बघायचं होतं. म्हणून मी काडीला कापूस गुंडाळला, गेरूत बुडवला आणि डिपरच्या कडेवर एक एक वीत सोडून सात ठिपके दिले.

"दिवाळी झाली की," हे म्हणाले. "आता कसली रांगोळी?"

"बघते नुसतं."

"बघ, बघ. बॅटरी उतरली की तूच ढकल गाडी."

पहिल्या पहाटे मी मुद्दाम बरोबर गेले. काय सांगू, रस्ता नवा वाटला. मैलाच्या दगडावरचा आकडा मी लांबूनच वाचला. तारेच्या कुंपणावर कोळ्यांची जाळी होती, त्यांवर दव. एक ससा मधोमध बसला होता, तो कान टवकारून आमच्याकडे बघत राहिला. पुलाजवळच्या लिंबाच्या शेंड्याचं पान न् पान दिसत होतं. समोरून येणाऱ्या गाड्या आम्हाला पुन्हा पुन्हा अपर मारायच्या. हे खूश. "आपला उजेड बघून जळत्यात." मी घरी राहू लागले, हे वेळेत पोचू लागले, गेलेला शेतकरी परत आला.

आठवडा झाला असेल. दुपारी नणंद लंगडत आली. कोपर खरचटलेलं, हातातल्या डब्याला पोचा आलेला.

"वहिनी, तुमची गाडी आली आन् मी रस्त्याकडंच्या चारीत गेले."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? आवाज आला म्हणून मागं वळले तर नुसता पांढरा जाळ! पायाखालचं दिसंना. बाजूला सरकावं म्हटलं तर रस्ताच संपलेला. आमच्यातल्या दोघी तर एकमेकींवर आदळल्या." ती खाटेवर बसली आणि कोपराला फुंकर घालत म्हणाली, "मीच पैसे दिले आन् मीच आंधळी झाले. माझं कपाट चारीत गेलं बघा."

यांना ते पटेना. वायरिंगवाल्याने माझ्यादेखत रेघेवर लावलंय, म्हणाले. अंधार पडल्यावर गाडी रस्त्यावर काढली, आम्हा दोघींना तीस पावलं पुढे उभं केलं आणि डिपर लावला.

"लागतंय का डोळ्याला?"

खरंच लागत नव्हतं. उजेड आमच्या कमरेपर्यंत येत होता. मला यांचा चेहरा काचेमागे धूसर दिसतसुद्धा होता.

नणंद गोंधळली. "आत्ता न्हाई लागत. पर पहाटं लागतंय."

"पहाटं काय मी सूर्य बसवतो का गाडीला?"

"दहा बायकांना इचार."

"दहा बायका एकच गाणं म्हनत्यात. खाली बघून चालावं मानसानं."

"बरं दादा. चालते खाली बघून." ती चहा न घेता गेली.

पुढच्या चार दिवसांत ती आली नाही. पाचव्या दिवशी हे मार्केटवरून आले आणि जेवताना म्हणाले, "गाडी दिसली की सगळ्या बाया शेताकडं तोंड करून उभ्या राहत्यात. पाठ करून. ती बी." सांगताना हसले, पण भाकरी निम्मी ताटातच राहिली.

भांडी घासता घासता माझ्या डोक्यात तेच. माझी नणंद खोटं बोलणाऱ्यातली नाही. आणि संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं कसं असेल? अंधार तोच, रस्ता तोच, बल्ब तेच. पहाटे धुकं असतं म्हणावं तर त्या दिवशी धुकं नव्हतं. झोपेतून उठलेले डोळे नाजूक असतात म्हणावं तर बायका तासाभरापूर्वी उठून स्वयंपाक करून निघालेल्या. मी दोनदा उठून गोठ्याची भिंत बघून आले. ठिपके होते तिथे होते.

दुसऱ्या पहाटे एका शेतकऱ्याच्या गोणी यायला उशीर झाला. बाकी गाडी भरलेली होती. एरवी मी त्या वेळी मागे गोणी मोजत असते. त्या दिवशी मी चहाची किटली घेऊन पुढून चालले होते आणि यांनी गाडी सुरू करून डिपर लावला. मी जागीच थांबले. ठिपके उजेडात बुडाले होते. उजेडाची ती कापलेली कड भिंतीवर नव्हतीच. भिंत ओलांडून वर, मागच्या शेवग्याच्या शेंगांवर उजेड पडला होता.

मी मागे वळून गाडी बघितली. गोणींच्या ओझ्याने मागची चाकं दबलेली आणि तोंड वर. माझ्या वडिलांची बैलगाडी होती. मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचलायचं. गाडी उलाळ झाली, म्हणायचे वडील, आणि मग आम्हा पोरांना पुढे बसवायचे. आमची पिकअप रोज पहाटे उलाळ होत होती. वायरिंगवाल्याने लाईट लावले ते रिकाम्या गाडीवर. संध्याकाळी आम्ही दोघी उभ्या राहिलो त्या रिकाम्या गाडीपुढे. आणि मी लिंबाच्या शेंड्याचं कौतुक करत बसले होते! रस्त्याचा उजेड शेंड्यावर कशाला जाईल, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

चार शेतकरी उभे होते. त्यांच्यासमोर मला बोलवेना. मी किटली खाली ठेवली आणि यांच्या स्वेटरची बाही ओढली.

"अहो, जरा इकडं या."

"आता काय? उशीर झालाय."

"भिंत बघा. माझे ठिपके कुठं हायेत आन् उजेड कुठं हाय."

हे बघत राहिले. मग मागे जाऊन चाकं बघितली. परत पुढे आले.

"व्हय की," एवढंच म्हणाले.

"काय झालं रं?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं.

"काय न्हाई काका. गाडी उलाळ झाली."

त्या पहाटे मी बरोबर गेले. बायकांची ओळ लांबून दिसताच यांनी गाडी कडेला घेतली आणि लाईट बंद करून थांबले. बायका पाठ करून उभ्या होत्या. उजेड का गेला म्हणून एक एक जण वळून बघू लागली.  यांनी पार्किंगच्या लाईटवर, चालत्या माणसाच्या वेगाने, गाडी त्यांच्या पुढे काढली आणि मगच मोठे लाईट लावले.

परत येताना सुप्याला थांबलो. यांनी वायरिंगवाल्याला धरलंच, "काय लावलंस? लोकांचे डोळे जायची येळ आली!" तो म्हणाला, रेघेवर लावलंय, शटर बघा. हे म्हणाले, शटर मला नको सांगू. दोघांचा आवाज चढला. खरी गोष्ट काय ती दोघांपैकी कुणीच बोलेना. आणि मला ती माहीत होती.

"भाऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "रिकाम्या गाडीचं बरोबर हाय. भरल्यावर तोंड वर जातंय. भरल्या गाडीवर लावायचं तर कसं लावायचं?"

तो कानामागचा टेस्टर काढून हातात फिरवत बसला. "वहिनी, भरलेली गाडी माझ्याकडं आणतंय कोण? आजवर एकानं बी न्हाई आणली. सगळ्या रिकाम्याच लावल्या मी." टेस्टर परत कानामागे खोचत म्हणाला, "किती लावल्या असतील…"

मग त्याने बॉनेट उघडून मला, यांना नाही, मला दोन्ही लाईटच्या मागचे पांढरे स्क्रू दाखवले. इकडे फिरवला की खाली, तिकडे वर. घरी भरल्यावर तुमीच लावा, म्हणाला. एक जुना स्क्रूड्रायव्हर दिला आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या पहाटे गाडी भरून झाली. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेटमध्ये वाकले. त्यांना तिथून भिंत दिसत नव्हती, म्हणून सांगायचं मला. गोणी टाकलेले शेतकरी बिड्या विझवून बघायला उभे राहिले.

"खाली घ्या."

"मोठ्यानं सांग की. ऐकू येत न्हाई."

"खाली! अजून! लई झालं, वर घ्या थोडं. बास, बास!"

"अरे, तुझी बायको तर पोलिसासारखी हात करती," काका म्हणाले. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. डावा लाईट ठिपक्यांवर आला, मग उजवा. सातही ठिपके कडेवर बसले, जसे रिकाम्या गाडीला बसले होते तसे.

ओढ्याच्या पुढे बायका भेटल्या. हात आधीच डोळ्यांवर, तोंडं शेताकडे. यांनी गाडी थांबवली, लाईट चालूच ठेवला. मी खाली उतरले.

"वन्सं, जरा वळून बघा."

"मला न्हाई आंधळं व्हायचं."

"एकदा बघा. लागलं तर आता इथंच दोन्ही बल्ब काढून तुमच्या हातात देते."

तिने बोटांच्या फटीतून बघितलं. मग एक बोट बाजूला केलं. मग हात खाली घेतला. तिच्या डब्यावर आणि हातांवर उजेड होता, चेहऱ्यावर नव्हता. आपल्याच चपला दिसतात का ते तिने खाली बघून घेतलं.

"दादा," ती ओरडली, "सूर्य काढला का रं?"

"मी न्हाई काढला," हे खिडकीतून म्हणाले. "तुझ्या वहिनीनं."

रिकाम्या गाडीला आता उजेड जवळच पडतो. पण रिकामी गाडी दिवसाच परत येते, तेव्हा लाईट लागतच नाही.

पैसे वाटाण्याच्या भाड्यातून थोडे थोडे दिले. कधी पाचशे, कधी तीनशे. नणंद दर वेळी म्हणायची, घाई न्हाई. पण मला घाई होती, तिच्या घरी साड्या अजून दोरीवरच होत्या. शेवटचे पाचशे उरले तेव्हा वाटाण्याच्या शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. मी त्या पहाटे गाडीत बसले आणि बायका दिसल्यावर यांना थांबायला सांगितलं. खिडकीतून हात बाहेर काढून तिला नोटा दिल्या.

"हे शेवटचे. मोजून घ्या वन्सं."

"अंधारात काय मोजू?" ती म्हणाली आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. नोटा कमरेजवळ, उजेडात धरल्या. काचेतून मला तिचे हात लख्ख दिसत होते, त्यात शंभराच्या नोटा, एकेक करून सरकणाऱ्या. चेहरा वर अंधारात होता. मोजून झाल्यावर तिने बॉनेटवर दोन थापा मारल्या.

"फिटले!" ती म्हणाली. "जा आता, लिलाव सुरू होईल."